कायद्याच्या जागी एक कार्ड

दिल्लीतल्या लाजपतनगरात तंदूरमधून हातभर लांबीचे अफगाणी नान निघतात. पाट्या फारसीत, गिऱ्हाईकही भरपूर. तिथल्या अनेकांपाशी ओळखीचा म्हणून एकच कागद असतो, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड.

हे असं झालं, कारण १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताने सही केली नाही आणि स्वतःचा वेगळा कायदाही केला नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात जीव वाचवायला आलेला आणि चोरून घुसलेला, दोघेही नुसते ‘परकीय’. २०२५ साली त्या जागी नवा कायदा आला. ‘निर्वासित’ कोण, हे त्यानेही सांगितलं नाही.

मग उरते ती सरकारची मर्जी. १९५९ नंतर आलेल्या तिबेटींवर ती झाली. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची त्यांची वसाहत त्यातलीच. १९८३ नंतर श्रीलंकेच्या तमिळांना तमिळनाडूत छावण्या मिळाल्या. अफगाण, म्यानमारच्या डोंगराळ भागातले चिन जमातीचे लोक, रोहिंग्या यांच्या वाट्याला मात्र कार्ड आलं.

ते मिळतं दिल्लीत. म्हणून १९८८ नंतर मिझोराममध्ये आलेल्या चिन लोकांपैकी काहींनी पुढे विकासपुरी, उत्तमनगर गाठलं. रात्री भाजीबाजार उठला की तिथल्या चिन बायका पडलेली, टाकलेली भाजी वेचायच्या. कार्ड दाखवून पोलिसांच्या तावडीतून सुटता येईलही, पण बँकेत किंवा सिमकार्डाच्या दुकानात त्याला कोण विचारतो? घरमालकाने भाडं वाढवलं, शेठने पगार बुडवला, तरी तक्रार करायची हिंमत होत नाही. चौकीत आधी कागद मागतात. त्यामुळे कामं निवडली जातात तीही बिनकागदाची. रोहिंग्या कचरा वेचतात. फारसी-हिंदी येणारे अफगाण तरुण उपचारांसाठी आलेल्या देशबांधवांचे दुभाषे झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, भारताने अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि पेशंटच येईनात.

न्यायालयाचा आधार अर्धामुर्धा. १९९६ साली, पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याचा हक्क परकीयांनाही आहे असं सांगितलं. एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, देशाबाहेर न घालवलं जाण्याचा हक्क नागरिकांपुरताच.

काबूल पडलं त्याच ऑगस्टमध्ये शेकडो अफगाण वसंतविहारला उच्चायुक्तालयाच्या दारात ठाण मांडून बसले. त्यांची एक मोठी मागणी होती, आम्हाला तिसऱ्या देशात पाठवा.