नगरनियोजनाची पदवी: एक खुलासा
नगरनियोजनकार होण्यासाठी आधी स्थापत्य अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राचीच पदवी लागते, असे जळगाव-धुळ्याकडे बारावीच्या मुलांना आजही सांगितले जाते. ते आता खरे नाही. एकोणिसाव्या शतकारंभी कॅप्टन ब्रिग्ज यांनी नवे धुळे आखले, तेव्हा हा विषय विद्यापीठांत नव्हताच. लिव्हरपूल विद्यापीठात १९०९ मध्ये त्याचा विभाग निघाला. १९१९ मध्ये स्कॉटिश नगरनियोजनकार पॅट्रिक गेडीस मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि शहराकडे केवळ रस्ते-इमारती म्हणून नव्हे, तर तेथील माणसे, त्यांचे व्यवसाय व भोवतालचा प्रदेश यांसह पाहण्याची दृष्टी, जी मला या शिक्षणाचा गाभा वाटते, येथे रुजू लागली. दिल्लीत १९५५ मध्ये स्वतंत्र नियोजन संस्था स्थापन झाली. आज गणित घेऊन बारावी झालेल्यांना चार वर्षांच्या बी.प्लॅन.ला (बॅचलर ऑफ प्लॅनिंग, म्हणजे नियोजनाची पदवी) थेट प्रवेश घेता येतो. जेईई मेनमध्ये त्यासाठी वेगळा पेपर असतो.