वैमानिकाचा परवाना: तो 'क्रमांक १' नेमका कसला?

एका निळ्या-सोनेरी प्रमाणपत्राचं छायाचित्र समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतं. तारीख १० फेब्रुवारी १९२९, क्रमांक १. खाली मजकूर ठरलेला: 'भारतातला पहिला वैमानिक परवाना'. मुंबईच्या चोवीस वर्षांच्या त्या तरुणाने, जे. आर. डी. टाटांनी, पुढे काय केलं हे सांगायला नको. चार तासांपेक्षाही कमी वेळ प्रशिक्षकासोबत उडून तो एकटा आकाशात गेला होता, हेही बहुतेकांना माहीत आहे. पण ते प्रमाणपत्र सरकारचं नव्हतं. भारत आणि ब्रह्मदेशासाठी स्थापन झालेल्या एका एअरो क्लबने आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या वतीने ते दिलं होतं. क्लबची वही नवी, म्हणून क्रमांक एक. देशातला पहिला उडणारा माणूस, असा त्याचा अर्थ काढला की घोळ सुरू होतो. त्याआधी बारा वर्षं, १९१७ मध्ये, काही भारतीय तरुण ब्रिटिश लष्करी विमानदलात दाखल झाले होते. त्यांतल्या एकाने दहा विमानं पाडल्याची नोंद आहे आणि जुलै १९१८ मध्ये तो लढतानाच गेला. तेव्हा हा क्लबच नव्हता, म्हणून त्यांची नोंद त्याच्या वहीत नाही, एवढंच.

आकाशात जायला कोणी कोणाला परवानगी द्यायची, हा प्रश्न सुरुवातीला सरकारांना पडलेलाच नव्हता. मोटारींच्या शर्यती भरवाव्यात तशा विमानांच्या शर्यती हौशी क्लब भरवत. स्पर्धेत कोणाला उतरू द्यायचं हे ठरवायला त्यांनी प्रमाणपत्रं काढली. फ्रान्समध्ये पहिल्या तुकडीला परीक्षा न घेताच, आधीच्या कर्तबगारीवर ती वाटली गेली. ब्रिटनमधलं पहिलं मार्च १९१० चं. त्या ब्रिटिश प्रमाणपत्राची छोटी वही असे. आत धारकाचा फोटो आणि सहा भाषांतली एक विनंती: मुलकी, नौदल व लष्करी अधिकाऱ्यांनी आणि पोलिसांनी या गृहस्थांना मदत करावी. उडायची मुभा देणारा कागद अशी गयावया करत नाही. हे ओळखपत्र होतं, आणि शेतात कोसळल्यावर ते उपयोगी पडत असणार.

परीक्षाही त्याच वळणाची. एकमेकांपासून पाचशे मीटरवर दोन खांब रोवायचे आणि उमेदवाराने त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत फिरायचं. डावीकडे वळता येतं तसं उजवीकडेही येतं का, हे त्यात कळे. त्या काळच्या काही विमानांत एका बाजूचं वळण जिवावर बेतायचं. मग उतरताना फार तर चाकं टेकतील त्या क्षणी इंजिन बंद करायचं आणि आधी ठरवलेल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत थांबायचं. परीक्षक जमिनीवरच. एकच बैठक असलेल्या विमानात दुसरा बसणार कुठे? हवामान, नकाशा, इंजिनाची दुरुस्ती यांतलं काही कोणी विचारत नसे.

सरकारं खऱ्या अर्थाने जागी झाली ती महायुद्धानंतर. ऑक्टोबर १९१९ च्या पॅरिस कराराने हवाई हद्दीचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि ओघाने चालकांची पात्रताही सरकारांच्या हाती आली. भारत या कराराचा स्वतंत्र सदस्य होता. कराराच्या 'ई' परिशिष्टात वैमानिक आणि नॅव्हिगेटर (विमानाचा मार्ग काढणारा) यांच्या किमान अटी आल्या. क्लबांचे दोन खांब तिथेही टिकले, फक्त आठचा आकडा पाच वेळा काढायचा, असं ठरलं. प्रवासी वाहून नेणाऱ्यांसाठी लांब पल्ल्याचं आणि रात्रीचं उड्डाण वाढलं. वैद्यकीय तपासणीची सक्ती आली. ब्रिटिश पद्धतीत याचे दोन वर्ग झाले: स्वतःपुरतं उडायला 'ए', पैसे घेऊन उडायला 'बी'. भारतातही हीच अक्षरं रुळली.

घोळाचं मूळ या संधिकाळात आहे. परवाना सरकारचा, पण 'ए'च्या चाचण्या बहुतेकदा क्लबचेच निरीक्षक घेत. त्यामुळे एकाच उड्डाणावर माणसाला दोन कागद मिळत: क्लबचं प्रमाणपत्र आणि सरकारी परवाना. शर्यतीत उतरायला, विक्रम नोंदवायला पहिला लागे. कायद्याने उडायला दुसरा. घरच्या भिंतीवर अर्थातच पहिला लागायचा, कारण तो दिसायला देखणा. अमेरिकेत १९२७ मध्ये सरकारी परवाने सुरू झाले, तेव्हा पहिला क्रमांक आद्य विमान उडवणाऱ्या दोघा भावांपैकी हयात असलेल्याला देऊ केला होता. आपण आता उडत नाही, म्हणून त्याने तो नाकारला. मग तो क्रमांक विमान खात्याच्या प्रमुखाने स्वतःच घेतला. तेव्हा पहिल्या क्रमांकावरून इतिहास वाचायचा तर जपूनच.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मामला नुसत्या क्रमांकांचा नव्हता. पॅरिस करारातून जन्मलेल्या आयोगाने १९२४ मध्ये ठराव केला की प्रवासी वाहतुकीच्या विमानात स्त्रीला चालक म्हणून घेऊ नये. उमेदवार पुरुषच असला पाहिजे, ही अट वैद्यकीय निकषांच्या रांगेत जाऊन बसली. मासिक पाळीचं कारण पुढे करण्यात आलं. एका ब्रिटिश वैमानिक स्त्रीने स्वतःच्या शरीरावर तपासण्या करून घेत या युक्तिवादाचा पिच्छा पुरवला आणि १९२६ मध्ये बंदी उठली. कागदावर! नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी ती पुढे कितीतरी वर्षं मनातल्या मनात पाळली. आपल्याकडे १९३२ मध्ये एका भारतीय स्त्रीने 'ए' परवाना मिळवला, तरी पहिलेपणाचा मान साडी नेसून उडणाऱ्या १९३६ च्या दुसरीलाच मिळत आला आहे. इथे चूक छायाचित्राच्या आकर्षणाची.

नॅव्हिगेटरची परीक्षा वैमानिकापेक्षा पुस्तकी आणि कठीण होती: खगोलशास्त्र, हवामान, बिनतारी संदेश. दहाहून अधिक प्रवासी घेऊन समुद्रावरून लांब जायचं तर असा माणूस विमानात हवाच, असा नियम होता. छतावरच्या काचेच्या घुमटात उभं राहून सेक्स्टंटने तारे मोजणारी ही जमात १९४८ च्या मुंबई-लंडन सेवेच्या काळात ऐन भरात होती. पुढच्या पंचवीसेक वर्षांत यंत्रांनी तिला उठवलं.

प्रशिक्षकाचं प्रकरण सगळ्यांत ढिसाळ. १९१९ च्या करारात त्याचं नावच नाही. ज्याला उडता येतं त्याला शिकवता येतं, ही समजूत. ब्रिटिशांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे शिकवण्याची रीत बसवली: रबरी नळीतून विद्यार्थ्याच्या कानात बोलत राहायचं, गडबड झाली तर ती होऊ द्यायची आणि तिच्यातून बाहेर कसं पडायचं ते शिकवायचं. मुळात प्रशिक्षकालाच प्रशिक्षण हवं, ही कल्पना तिथून रुजली. आजही भारतात प्रशिक्षकाला निराळा परवाना नसतो. वैमानिकाच्या परवान्यावरच रेटिंगची, म्हणजे जादा पात्रतेची, नोंद होते, आधी सहायक प्रशिक्षक, मग प्रशिक्षक.

भारतातला १९११ चा कायदा विमान कोण बाळगतो आणि विकतो यावर नजर ठेवण्यासाठी होता. पुढे १९३४ चा कायदा आणि १९३७ चे नियम आले. परवान्यांच्या अटी सांगणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या अनुसूचीवर आपल्या वैमानिकांच्या पिढ्या पोसल्या: तिथलेच तास मोजायचे, लॉगबुकात तेच भरायचे. नागरी विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारानंतर पॅरिस कराराच्या 'ई' परिशिष्टाची जागा १९४८ मध्ये नव्या कराराच्या पहिल्या परिशिष्टाने घेतली. अटी बदलत गेल्या, पण बदलण्याचं कारण दर वेळी उड्डाणच असेल असं नाही. व्यावसायिक परवान्याला बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, ही अट नव्वदच्या दशकातली; त्याआधी दहावी पुरत होती. दहावीवाल्यांच्या हातून विमानं जास्त पडत होती, असा दाखला कोणी देत नाही.

१९३४ चा कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यातला उमेदवारांच्या कामाचा भाग असा, की रेडिओवर बोलण्याचं प्रमाणपत्र दूरसंचार खात्याकडून निघून विमान नियामकाकडे आलं. त्या परीक्षेच्या तारखेची वाट पाहत घरी बसलेल्यांना हा बदल बाकी सगळ्या कलमांपेक्षा मोठा वाटला.