गार्ड टिकवणे : बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर (ब्राझिलियन जिउ-जित्सू)

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये खाली असलेला खेळाडू पाय, गुडघे आणि कंबर यांच्या जोरावर वरच्याला छातीपर्यंत येऊ देत नाही, त्या स्थितीला गार्ड म्हणतात. वरच्याने पाय ओलांडून बाजूने किंवा छातीवर ताबा मिळवला की गार्ड ‘पास’ झाला. तो पास होऊ न देणे, आणि होत आलाच तर पाय पुन्हा मध्ये घालणे, म्हणजे गार्ड टिकवणे. समोरचा वजनाने आणि ताकदीने वरचढ असेल तेव्हा या कौशल्याचा खरा कस लागतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत झटापटीचा खेळ म्हटला की आधी कुस्तीच आठवते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, तेव्हापासून या भागातल्या तालमींचा हुरूप आणखी वाढला. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. अहिराणीत सांगायचे तर पाठ टेकनी, कुस्ती गयी. त्यामुळे खाली आलेला पहिलवान क्षणात पालथा होतो, छाती मातीला घट्ट चिकटवतो आणि वरच्याला उलथवू देत नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने अंगी बाणलेली ही सवय कुस्तीत अगदी योग्य आहे. जिउ-जित्सूच्या गादीवर मात्र तीच सर्वांत महागात पडते. पालथे होण्याने पासचे ३ गुण कदाचित वाचतात, पण वरचा सवारी घालून दोन्ही पाय मांड्यांच्या आत अडकवतो, पाठीच्या ताब्याचे ४ गुण घेतो आणि त्याचा हात गळ्याखाली सरकतो. तालमीतून आलेल्या मुलाला गार्ड शिकवताना सगळ्यात आधी पाठीवर निवांत राहायला शिकवावे लागते. बाकीचे तंत्र त्यानंतर.

पाठीवरून लढण्याची ही रीत जपानी ज्युदोच्या जमिनीवरच्या डावांतून आली. मित्सुयो माएदा हे ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि पुढे ग्रेसी कुटुंबाने ही विद्या वाढवली. कार्लोस यांचे धाकटे भाऊ एलियो अंगाने किरकोळ होते. ताकदीवर चालणारे डाव त्यांना झेपत नसत, म्हणून कोन, तरफ आणि धीर यांवर त्यांनी भर दिला. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये ते त्यांच्याहून बऱ्याच वजनदार अशा मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूकडून हरले. ज्या हातपिळीने ते हरले, तिला जिउ-जित्सूत आजही किमुराच म्हणतात. एलियो यांचे पुत्र रॉयस यांनी डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसी या मिश्र झुंजींच्या मालिकेच्या चौथ्या स्पर्धेत डॅन सेवर्न या कुस्तीगिराशी झुंज दिली. रॉयस सुमारे ८० किलोंचे, सेवर्न ११५ किलोंच्याही वर. पंधरा मिनिटांहून अधिक काळ रॉयस खालीच होते आणि शेवटी खालूनच गळ्याभोवती पायांचा त्रिकोण आवळून त्यांनी लढत जिंकली. गार्ड म्हणजे काय हे समजावून सांगताना ही एक लढत दाखवली तरी पुरते. पहिलवानांनी ती जरूर पाहावी.

बलवान माणसासमोर गार्ड टिकतो तो अंतरामुळे. खालच्याकडे एकामागे एक तीन अडथळे असतात : सर्वांत पुढे पावले, त्यांच्यामागे गुडघे आणि नडगी, आणि शेवटी कोपर व हात. वरच्याला हे तिन्ही ओलांडावे लागतात. पहिला अडथळा कोसळत असतानाच दुसरा उभा राहिला पाहिजे. नवख्याची चूक येथेच होते. पावलाच्या टप्प्यावर तो बेफिकीर राहतो, वरच्याची छाती अंगाला भिडते आणि मग तो सगळी ताकद लावू लागतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण छातीला छाती भिडल्यावर ताकदच बोलते.

एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहू. ९० किलोंचा माणूस उभा आहे आणि ६५ किलोंचा खाली आहे. वरचा गुडघ्यांपाशी पँट मुठीत धरतो, दोन्ही पाय एका बाजूला झटकतो आणि दुसऱ्या बाजूने पळत येतो. या पासला तोरेआंदो म्हणतात. झटक्याला ताकदीने विरोध केला तर खालच्याची कंबर जागीच खिळते. त्याऐवजी त्याने झटक्याबरोबर पाय जाऊ द्यावेत, बाहेरच्या हाताने वरच्याचा खांदा किंवा मनगट अडवावे आणि कंबर त्याच्यापासून दूर सरकवावी. कंबर सरकली की वरच्याच्या बाजूचा गुडघा छातीकडे ओढायला जागा मिळते. गुडघा आत आला की नडगी वरच्याच्या पोटावर आडवी बसते आणि दोघे पुन्हा समोरासमोर येतात. हे सारे एक-दोन सेकंदांत घडते, पण सुरुवात त्याहून आधीची : वरच्याची मूठ पँटवर बसली त्याच क्षणी ती सोडवायला हवी होती. अवजड माणसाला पकड पक्की करू दिली की पुढची प्रत्येक हालचाल दुप्पट महाग पडते.

तरीही वरचा आत शिरलाच, तर त्याला दोन गोष्टी साधायच्या असतात : खालच्याची कंबर खिळवणे आणि मान पलीकडे वळवणे. एक हात काखेखालून आणि दुसरा खांदा गालावर असे दडपण आले की वळताच येत नाही. म्हणून कोपर कधी बरगड्यांपासून दूर जाऊ देऊ नये. कोपर आणि गुडघा जितके जवळ, तितकी त्यांच्यामधून शिरायची वाट बंद. पाठ सपाट टेकून पडू नये, कुशीवर राहावे. आणि हातांनी ढकलू नये. ९० किलो ढकलून दंड दोन मिनिटांत भरून येतात. हाताच्या हाडाचा, म्हणजे मनगट ते कोपर या भागाचा, भिंतीला लावतात तसा टेकू वरच्याच्या मानेला आणि कंबरेला लावायचा, त्याचे वजन त्यावर राहू द्यायचे आणि स्वतः खालून निसटायचे. जिउ-जित्सूत यालाच फ्रेम म्हणतात. शेवटचा आसरा म्हणजे हाफ गार्ड. वरच्याचा एक पाय दोन्ही पायांत अडकवायचा, आपला वरच्या बाजूचा गुडघा त्याच्या छातीवर तिरका ठेवायचा आणि त्याच्या काखेखाली आपला हात आधी घालायचा.

नुसता बचाव करणारा गार्ड फार वेळ टिकत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. खालून कसलाच धोका नाही असे कळले की वरचा सगळे वजन पासवरच घालतो. बाही ओढून तोल बिघडवणे, स्वीपचा, म्हणजे खालून उलथवून आपण वर येण्याचा, प्रयत्न करणे, हात पुढे आला की किमुराची पकड घेणे, यामुळे त्याला सारखे सावरत राहावे लागते. क्लोज्ड गार्ड, म्हणजे त्याच्या कंबरेमागे पायांना आढी घालणे, सुरक्षित वाटतो. पण बलवान माणूस उभा राहून आढी तोडतो किंवा खालच्याला मानेवर दुमडतो. तो पाय जमवून उभा राहू लागला की आढी आपणच सोडावी आणि पावले त्याच्या कंबरेवर रोवावीत.

गी, म्हणजे सरावाचा जाड सुती अंगरखा आणि पँट, अंगात असेल तर बाही आणि कॉलर यांच्या पकडीने हलक्या माणसाला मोठा आधार मिळतो. गीशिवाय घामाने सगळे निसटते आणि वजन व वेग यांचे पारडे जड होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत गी घालून सराव करायचा तर पहाटेच करावा, फेऱ्या छोट्या ठेवाव्यात आणि मध्ये पाणी प्यावे.

सराव पूर्ण लढतींपेक्षा ठरावीक स्थितीतून करणे जास्त फायद्याचे. वरचा पासच्या अर्ध्या वाटेवर आहे असे धरून सुरुवात करावी. पास झाला किंवा गुडघा आत आला की थांबून पुन्हा तिथूनच लढावे. जोडीदार आधी आपल्याच वजनाचा असावा, मग हळूहळू जड. तालमीतल्या मुलांकडे भक्कम मान, कंबरेतला जोर आणि मनगटाची पकड आधीपासून असते. त्यांच्यासाठी एक अट पुरेशी ठरते : पूर्ण फेरीत पालथे व्हायचे नाही. पहिले काही आठवडे त्यांचे गार्ड सारखे पास होतात. तेवढ्यावर वस्तादांनी त्यांना पुन्हा जुन्या सवयीकडे वळू देऊ नये.