ढोली पडली म्हणजे झाड गेलं?

सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही, यावरून नाशकात रान पेटलं. चर्चा फिरत राहिली ती आकड्यांभोवती. एकेका झाडाच्या तब्येतीचा विषय मागेच पडला. एरवीही झाड नकोसं झालं की अर्जात ठरलेलं वाक्य येतं: ‘सदर वृक्ष आतून पोकळ व धोकादायक आहे.’ वृक्षतज्ज्ञाचा अहवाल लिहायला शिकताना आधी हे वाक्य खोडायचं. पोकळ म्हणजे किती?

समजा, वडाचा घेर छातीइतक्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, ३१४ सेंटिमीटर भरला. म्हणजे व्यास १००. वाऱ्याने झाड वाकतं तेव्हा बुंध्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. हा ताण सालीलगत सर्वांत जास्त, मधोमध शून्य. त्यामुळे गाभ्याचं लाकूड वाकण्याला फारसा विरोध करतच नाही. पोकळीचा व्यास भागिले बुंध्याचा व्यास, त्याचा चौथा घात, तेवढी ताकद घटते. ढोली ५० सेंटिमीटरची असेल तर घट अवघी ६ टक्के! ७० ला २४ टक्के. मग मात्र उतार लागतो: ८० ला ४१, ९० ला ६६. म्हणूनच जर्मन अभ्यासक क्लाउस मॅटहेक यांचा ठोकताळा असा, की शाबूत लाकडाची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांखाली गेली की सावध व्हावं. आपल्या वडाला ही मर्यादा १५ सेंटिमीटर. लाकडी हातोडीने ठोकत आवाज ऐकायचा, शंका येईल तिथे सुईसारख्या ड्रिलने जाडी मोजायची. ढोलीला बाजूने मोठं तोंड असेल, किंवा काँक्रीटसाठी मुळं छाटली असतील, तर हे गणित गुंडाळून ठेवायचं.

अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं, की झाडाची जखम भरून येत नाही. झाड कुजका भाग भिंती घालून कोंडतं. ढोली खरवडून सिमेंट भरणारे नेमकी तीच भिंत फोडतात.

आता किंमत. अमेरिकी पद्धतीत रोपवाटिकेतल्या त्याच जातीच्या मोठ्यात मोठ्या झाडाचा दर चौरस सेंटिमीटरमागे काढतात, बुंध्याच्या क्षेत्रफळाने (इथे ७,८५०) गुणतात आणि तब्येत, जागा यांचे शून्य ते एकमधले गुणक लावतात. ढोलीचा हिशोब तब्येतीच्या गुणकात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०२१ मध्ये वयाच्या दर वर्षामागे ७४,५०० रुपये सुचवले. त्यात ४५,००० ऑक्सिजनचे. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो म्हणून जास्त धरा, असं कुणी म्हणेल. अंधारात प्रकाशसंश्लेषण होत नाही, पिंपळातही नाही.)

वयावर बरंच काही अडतं. राज्याच्या शहरी भागांसाठीच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांचं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलंच तर वयाइतकी झाडं लावावी लागतात. वडाच्या लाकडात मात्र वर्षावर्षाची वर्तुळं स्पष्ट दिसत नाहीत. तेव्हा अहवालात वय लिहाल तर कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि कशावरून, हे तिन्ही लिहा: जुना फोटो, नकाशा, लागवडीची नोंद. आणि कुठे नुसतंच ‘अंदाजे ४९ वर्षे’ दिसलं, तर आधार जरूर मागा.