दूरस्थ सहकाऱ्यांसाठी चॅट व कॉलच्या साधनांची निवड

वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकत्र काम करणाऱ्या गटाने रोजच्या बोलण्यासाठी कोणती चॅट आणि कॉलची साधने वापरायची, हे ठरवण्याची प्रक्रिया. ती करताना दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात: उत्तर किती लवकर हवे, आणि आज झालेले बोलणे सहा महिन्यांनी कुणाला शोधावे लागेल. बहुतेक गट सुरुवात करतात ती मात्र अ‍ॅपच्या नावापासून, आणि पुढची बरीचशी ओढाताण तिथूनच सुरू होते.

गटाने एका खोलीत बसल्यासारखे लिहून बोलण्याची कल्पना जुनी आहे. १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) हे लिहून बोलण्याचे साधन तयार केले. त्यातल्या चॅनेलच्या, म्हणजे गटाच्या बोलण्याच्या खोलीच्या, नावाआधी येणारे # हे चिन्ह आजच्या साधनांतही टिकून आहे. आयआरसीत मूळचा सर्व्हर बोलणे साठवून ठेवत नव्हता. जो त्या वेळी जोडलेला नाही, त्याचे ते बोलणे हुकले. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१४ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या स्लॅकने ही उणीव भरून काढली. टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती आणि तिने आपल्या लोकांसाठी हे साधन घडवले होते. खेळ बंद पडला, साधन राहिले. बोलण्याची शोधता येणारी नोंद, असाच ‘स्लॅक’ या नावामागच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ आहे. मायक्रोसॉफ्टचे टीम्स २०१७ मध्ये आले. कॉलच्या बाजूला २००३ मधील स्काइपने इंटरनेटवरून बोलणे घरोघरी नेले. २०११ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या वेबआरटीसी तंत्रामुळे पुढे वेगळे अ‍ॅप न बसवता ब्राउझरमधूनच कॉल करणे शक्य झाले.

चॅटचे खरे बळ असे की दोघांनी एकाच वेळी हजर असावे लागत नाही. हे बळ वाया कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. एकजण लिहितो, “आहेस का?” आणि थांबतो. तीन तासांनी समोरून येते, “हो, बोल.” तोवर पहिल्याकडे रात्र झालेली असते आणि अख्खा दिवस गेलेला असतो. तेच त्याने “उद्याच्या आवृत्तीतून हा बदल वगळू का? चाचणी अपुरी आहे, म्हणून मला वगळावासा वाटतो. बुधवारपर्यंत सांग” असे लिहिले असते, तर तीन तासांनी थेट उत्तरच मिळाले असते. साधन अशा लिहिण्याला साथ देते की नाही, हे निवडताना बघावे. झुलिप या चॅट साधनात चॅनेलमधला संवाद विषयवार लावलेला असतो, त्यामुळे उशिरा येणाऱ्याला हव्या त्या विषयाचे बोलणे सलग वाचता येते. एकाच लांबलचक ग्रुपमध्ये दहा विषय मिसळले, की नंतर आलेला माणूस बोटाने वर सरकवत राहतो आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

कॉलमध्ये चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. चेहरा धूसर झाला तरी काम चालते. आवाज तुटला की बैठक संपते. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. विलंब त्याहून बराच वाढला, की दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, “बोला, बोला” म्हणतात आणि पुन्हा एकदमच सुरू होतात. लोक याला समोरच्याचा उतावीळपणा समजतात. दोष बहुधा जोडणीचा असतो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेले ओपस हे ध्वनिसंकोचन (आवाजाचा डेटा लहान करून पाठवण्याचे तंत्र) सेकंदाला ६ किलोबिटपासून चालते, म्हणजे नुसत्या आवाजाला फार थोडी जोडणी पुरते. त्यामुळे रेंज कमी असेल तेव्हा कॅमेरा बंद करणे हा पहिला उपाय. माणसे किती, यावरही साधन ठरते. सर्व्हरविना थेट जोडणीत पाच जण असतील तर प्रत्येकाला आपले चित्र चार वेळा पाठवावे लागते. मधल्या सर्व्हरमार्फत एकदाच पाठवले तरी पुरते, म्हणून मोठ्या बैठकींसाठी तीच रचना वापरतात.

गोपनीयता हवी तर काही सोयी सोडाव्या लागतातच. सिग्नल आणि (२०१६ पासून पूर्णतः) व्हॉट्सअ‍ॅप यांत मेसेज फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतात. पण जे सर्व्हरला वाचता येत नाही, त्यात सर्व्हर शोधूही शकत नाही. झूमने ऑक्टोबर २०२० मध्ये अशी सोय ऐच्छिक म्हणून दिली; ती चालू केली की क्लाउडवरील रेकॉर्डिंगसारख्या सुविधा मिळत नाहीत. सगळे आपल्याच ताब्यात हवे असेल तर मॅटरमोस्ट किंवा रॉकेट चॅट ही चॅटची साधने, कॉलसाठी जित्सी किंवा २०१४ पासूनची मॅट्रिक्स ही संदेशवहनाची प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. फ्रान्स सरकारचे ‘चॅप’ हे चॅट साधन मॅट्रिक्सवरच उभे आहे. मात्र अपडेट आणि बॅकअप सांभाळणारा माणूस गटात नसेल तर हा मार्ग धरू नये.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे बाहेर पडण्याची वाट. हिपचॅट हे चॅट साधन २०१९ मध्ये, गूगल हँगआउट्स २०२२ मध्ये आणि स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. स्लॅकच्या मोफत योजनेत २०२२ पासून मागच्या ९० दिवसांचेच बोलणे दिसते. निर्णय चॅटमध्ये झाला तरी तो त्याच दिवशी कारणासह सामायिक दस्तऐवजात उतरवण्याची सवय म्हणूनच कोणत्याही साधनाइतकी मोलाची आहे.

पक्के करण्याआधी एक-दोन आठवडे खरे काम त्या साधनावर करून पाहतात. ही चाचणी सर्वांत चांगल्या जोडणीवर घेतली तर काहीच कळत नाही. ज्याचे इंटरनेट सर्वांत कमकुवत, ज्याचा फोन सर्वांत जुना, जो स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) किंवा कॉलमधले बोलणे लिहून दाखवणाऱ्या कॅप्शनच्या आधाराने काम करतो, त्या सहकाऱ्याने कॉल करावा, फाइल पाठवावी आणि मागच्या आठवड्यातला एखादा मेसेज शोधून दाखवावा. शेवटी सगळे बोलणे निर्यात करून ती फाइल साधनाबाहेर उघडते का, हेही तपासावे.