उपग्रहाचं चित्र किती बारीक मिळतं?

“उपग्रह एवढा भारी, मग माझ्या बागेतली एकेक वेल का दिसत नाही?” द्राक्षबागायतदार दर हंगामात हे विचारतात. आमच्याकडे उपग्रहचित्राची ऑर्डर देण्याआधीच आपल्याला उत्तर मिळावं, म्हणून हे पत्रक.

चित्रातला सर्वांत लहान ठिपका म्हणजे पिक्सेल. तो जमिनीवर किती जागा व्यापतो, यावर सगळं ठरतं. बागेच्या दोन ओळींत नऊ फूट अंतर धरा. एक मीटरच्या पिक्सेलला त्यात जेमतेम तीन ठिपके बसतात आणि ओळी एकमेकींत मिसळतात. ५० सेंटिमीटरला ओळ सुटी दिसते. ३० सेंटिमीटरला, म्हणजे फूटभराच्या ठिपक्याला, ओळीतल्या मोठ्या नांग्याही, म्हणजे वेल नसलेल्या रिकाम्या जागाही, ओळखू येतात.

बरीच वर्षं अडचण कॅमेऱ्याची नव्हती, सरकारी नियमांची होती. २००८ साली सोडलेला अमेरिकेचा जिओआय-१ उपग्रह ४१ सेंटिमीटरपर्यंतचं टिपायचा. पण परवान्याच्या अटीमुळे खासगी ग्राहकाला तेच चित्र ५० सेंटिमीटरवर आणून दिलं जाई. पैसे मोजायची तयारी असली तरी मूळ चित्र हाती येत नसे. २०१४ मध्ये अमेरिकेने ही अट सैल केली. त्याच वर्षी सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ची ३१ सेंटिमीटरची चित्रं त्यानंतर बाजारात आली.

आपल्याकडे २००१च्या धोरणात सहज मिळणाऱ्या चित्राची मर्यादा ५.८ मीटरवर होती. २०११ मध्ये ती एक मीटरवर आली. त्याहून बारीक हवं असेल तर खासगी ग्राहकाला सरकारी खात्याची शिफारस आणावी लागे, नाहीतर प्रकरण समितीपुढे जाई. लष्करी ठिकाणं जपायलाच हवीत, याबद्दल आमचं दुमत नाही. पण शेततळ्यासाठी चित्र मागणाऱ्याला एवढे हेलपाटे घालायला लावणं आम्हाला कधीच पटलं नाही. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांच्या नकाशाकामातल्या पूर्वपरवानग्या काढल्या, तेव्हा खरा मोकळा श्वास घेता आला. संवेदनशील ठिकाणांच्या खुणा नकाशावर टाकायला मात्र आजही मनाई आहे. त्या आम्ही टाकणार नाही, कृपया आग्रह करू नये.

बारीक चित्र महाग पडतं. शेताचा कुठला कोपरा पिवळा पडतोय एवढंच पाहायचं असेल, तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटरची चित्रं फुकट मिळतात. एकरात साधारण चाळीस ठिपके येतात आणि तेवढे पुरतात. अशा वेळी आम्ही स्वतःहून तीच सुचवतो.

बांधाचा वाद असेल तर आमच्याकडे खर्च करू नका. हद्द ठरवायला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते.

येताना गट नंबर आणा, आणि चित्रात नेमकं काय दिसायला हवं ते सांगा.