मशीन म्हणतं पास, डोळा म्हणतो फेल

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात ट्यूबलाइटखाली सुताच्या दोन मरून लडी शेजारी ठेवा. एकाच लॉटच्या वाटतील. त्याच लडी दाराबाहेर उन्हात नेल्या की कधी कधी एक तपकिरीकडे झुकते. बोल रंगाऱ्याला लागतो. खरं तर त्याने शेड, म्हणजे रंगाची छटा, बरोबर जुळवलेली असते, फक्त त्या एका दिव्याखाली.

रंग मोजणारं मशीन, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दर १० नॅनोमीटरला कापड किती टक्के प्रकाश परत फेकतं ते मोजतं. हे झाले ३१ आकडे. डोळ्याकडे मात्र रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचे तीनच प्रकार, म्हणजे ३१ आकड्यांचा हिशेब तीन बेरजांत उरकायचा. दोन वेगळ्या रेसिपींचे, म्हणजे रंगांच्या मिश्रणांचे, ३१ आकडे वेगळे असूनही या बेरजा सारख्या येऊ शकतात. दिवा बदलला की प्रत्येक आकड्याचं वजन बदलतं आणि बेरजा फुटतात. यालाच मेटामेरिझम म्हणतात. मूळ नमुन्यात जे रंग वापरलेत तेच मिळाले तर हा प्रश्न उरत नाही. नसतील मिळत, तर रेसिपी ठरवतानाच लाइट बॉक्समध्ये, म्हणजे वेगवेगळे दिवे लावता येणाऱ्या पेटीत, डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, टीएल८४ म्हणजे दुकानातली ट्यूब आणि ए म्हणजे जुना पिवळा बल्ब, अशा तिन्हींखाली नमुना बघावा.

पण मशीन तरी निव्वळ भौतिकशास्त्र कुठे सांगतं? ३१ आकड्यांवरून रंग काढताना त्यात माणसाचा डोळा घालावाच लागतो. १९३१ चा ‘प्रमाण निरीक्षक’, म्हणजे सरासरी डोळ्याचं ठरवून दिलेलं गणित, संशोधक राइट यांनी तपासलेल्या १० आणि गिल्ड यांनी तपासलेल्या ७ जणांच्या डोळ्यांवरून बेतला आहे. तोही २ अंशांच्या खिडकीतून, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठा दिसतो जेमतेम तेवढ्या रुंदीतून. चादर कोणी अशी बघत नाही. म्हणून कापडासाठी १९६४ चा १० अंशांचा निरीक्षक निवडावा. गिऱ्हाइकाकडे २ आणि तुमच्याकडे १० असं सेटिंग असेल, तर आकडे जुळणारच नाहीत.

फरक मोजायचा तो डेल्टा ई ने, म्हणजे दोन रंगांमधलं अंतर सांगणाऱ्या एका आकड्याने. समजा उजळपणात −०.३, लाल-हिरव्यात ०.८ आणि पिवळ्या-निळ्यात ०.४ फरक आला. वर्गांची बेरीज ०.८९, वर्गमूळ साधारण ०.९४. मर्यादा १ असेल तर पास. पण हाच ०.८ क्रीम रंगावर गुलाबी झाक म्हणून लगेच नजरेत भरतो आणि गडद मरूनवर दिसतही नाही. म्हणून कापडधंद्यात डेल्टा ई काढायला सीएमसी २:१ हे सूत्र चालतं. त्यात मर्यादा रंगागणिक बदलते.

टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलवर मशीन आणखी फसतं. लूप एका बाजूला झुकले की शेड हलकी, उलटे फिरवले की गडद. कापडाच्या चार घड्या घालाव्यात, म्हणजे खालचं काही दिसत नाही. मशीनला मापाचं मोठं भोक लावावं, दर वेळी ९० अंशांनी फिरवून चार रीडिंग घ्यावीत आणि सरासरी काढावी. ड्रायरमधून काढलेला गरम टॉवेल लगेच मोजू नये. सूत हवेतला ओलावा घेईपर्यंत शेड सरकत राहते. २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मग मोजावं. सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत ही अट आपोआप पाळली जाईल, या भरवशावर राहू नये.

आणि जकार्ड, म्हणजे विणीतच रंगीत नक्षी असलेल्या, चादरीत शेजारच्या रंगाने होणाऱ्या भासाबद्दल तर कोणतंही मीटर गप्प बसतं. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात रंगविभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. दुसरीकडचे काळे धागे मागवून त्यांनी तुलना केली, तेव्हा दोष रंगात नव्हे, शेजारच्या निळ्या-जांभळ्यात निघाला. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच काढला. चादरीत काळा मेलेला वाटला तर लॉट परत पाठवायच्या आधी राखाडी पुठ्ठ्याला दोन सारखी भोकं पाडा आणि आजूबाजूचे रंग झाकून नवा-जुना धागा बघा. फरक नाहीसा झाला तर सूत ठीक आहे, शेजारचा रंग बदलायला डिझाइनवाल्याला सांगा.